वैलावरचं मडकं

भांडी बोलायची त्या काळी एक जुनं मडकं चुलीच्या वैलावर, मागच्या मंद धगीला, दात पडलेल्या म्हाताऱ्या धोंडिबासाठी हुलगे शिजवत बसलं होतं. पुढं जाळावरचं तोंडाळ पातेलं म्हणालं, "आजोबा, मेलात की काय?"

"शिजवतोय."

धोंडिबाच्या सुनेलाही घाई. तिनं मडकं उचलून जाळावर ठेवलं. हुलगे तळाला करपले, वर कच्चेच राहिले. धोंडिबानं घास चघळला, थुंकला आणि पाणी पिऊन आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सुनेनं करप खरवडली, मडकं पुन्हा वैलावर ठेवलं.

"रागावलात?" पातेल्यानं विचारलं.

"रागवायला जोर लागतो, बाबा. म्हातारा कालचा उपाशी आहे. तू तुझं उकळ."

दिवस कलला तेव्हा धोंडिबानं वाटी दुसऱ्यांदा पुढं केली.