झिजलेला अर्धा सेंटीमीटर

मोठ्यांचं एक बरं असतं, त्यांच्या हातातली पट्टीसुद्धा कधी चुकत नाही. आमच्या सावर्डेकर सरांची तर बत्तीस वर्षं चुकली नव्हती.

त्या दिवशी प्रयोगशाळेत डस्टरची लांबी मोजायची होती. अचूक मोजेल तिला विज्ञान प्रदर्शनाला जायला मिळणार होतं. जुईने सरांच्या लांब लाकडी पट्टीवरच्या दहाच्या खुणेपासून मोजलं आणि पंधरा सेंटीमीटर लिहिले. सरांनी पट्टीचं टोक लावून मोजलं. साडेपंधरा भरले. त्यांनी यादीतलं जुईचं नाव खोडलं.

"मधूनच मोजतात का गं? पट्टी खोटी आणि तू खरी?"

"सर, अशीच दोन डस्टर जोडून मोजता का?"

सरांनी मोजली. साडेतीस.

"साडेपंधरा दुणे एकतीस होतात, सर. अर्धा सेंटीमीटर कुठे गेला?"

सर पट्टीचं झिजलेलं टोक बोटाने चाचपत राहिले. तिथे शून्याची खूणच उरली नव्हती; पट्टी अर्ध्यापासून सुरू होत होती.

"आम्ही गोंगाट केला की तुम्ही ती टेबलावर आपटता," जुई हळूच म्हणाली. "ते टोक आम्हीच झिजवलंय, सर."

सरांनी तिचं नाव पुन्हा लिहिलं. मागे कुजबुज सुरू झाली, तशी त्यांनी सवयीने पट्टी उचलली आणि अलगद टेबलावर ठेवली.