अंधाराची रेघ

“आणि अंधार कसा मोजलास?”

इनामदार बाईंनी कागदावरून मान वर केली नाही. सही तेवढी राहिली होती. फाटकात गाडी उभी होती. आज त्याचा प्रकाश टिपणारा शोधक गाडीत चढला तर शार्दूल त्याच्याबरोबर डोंगरावरच्या दुर्बिणीपाशी जाणार होता. नाहीतर पुढच्या वर्षी.

“शोधकाच्या खिडकीवर काळं झाकण, बाई. चार महिने, रोज. गणपतीतसुद्धा घरी गेलो नाही.”

“गणपतीने चौकशी केली असेल.”

शार्दूल हसला नाही.

समोरच्या शीतपात्रात, खिडकीच्या आत, शोधकाची नखाएवढी चकती होती. तिच्यावरची अतिवाहक मंडलं मायक्रोवेव्हच्या एकेका सुरात घुमायची. डोळ्यांना न दिसणारा, लांब लहरींचा उजेड पडला की सूर उतरायचा आणि पडद्यावरची रेघ खाली यायची. झाकण लावल्यावर रेघ जिथे थांबे, तिथे त्याने लिहिलं होतं : पूर्ण अंधार.

“चूक असेल तर दाखवा,” तो म्हणाला. आवाज जरा चढलाच.

बाई उठल्या. थर्माकोलच्या पेटीतल्या अतिथंड द्रवरूप नायट्रोजनमध्ये त्यांनी काळा स्पंज बुडवला. झाकण काढलं आणि वाफाळता स्पंज चिमट्याने खिडकीसमोर धरला.

रेघ वर गेली. त्याच्या ‘पूर्ण अंधारा’च्या पुष्कळ वर.

“म्हणजे उजेड कमी झाला... पण झाकणाआड तर उजेड नव्हताच.”

बाईंनी स्पंज तसाच धरून ठेवला.

“झाकण काही तापलेलं नव्हतं, बाई. खोलीइतकंच...”

खोलीइतकी उबदार वस्तूही या लांब लहरींत उजळते. चार महिने ते झाकणच उजळत होतं. प्रत्येक मोजमापातून त्याने तो उजेड अंधार म्हणून वजा केला होता.

बाहेर हॉर्न वाजला.

बाईंनी स्पंज पेटीत टाकला. रेघ जुन्या जागी उतरली. त्यांनी कागद त्याच्यापुढे सरकवला, पेनाचं टोपण काढलं.

“तू म्हण. मी सही करते.”

शार्दूलने कागद त्यांच्याकडे परत सरकवला.

“नको,” तो म्हणाला. “गाडी जाऊ दे.”

मग रागानेच तो वाकला आणि उघड्या खिडकीला जवळजवळ नाक लावून आत पाहू लागला.

पडद्यावरची रेघ किंचित घसरली.

“आता काय बिघडलं याचं?”

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

“काही नाही. त्याला तू दिसतोयस.”