जॅकवरची शाळेची गाडी

शाळेची गाडी गॅरेजातून परत आली, तेव्हा ड्रायव्हर यमुना शेडगेला पहिला संशय आला तो ताज्या रंगाचा. घाटातल्या वळणांवर ही गाडी मागून हेलकावे खायची, म्हणून सांगाड्याला आडव्या पट्ट्या वेल्ड करून स्प्रिंगा कडक करायचं ठरलं होतं. काम केलं होतं संस्थेचे अध्यक्ष विश्वासराव निंबाळकर यांच्या मेव्हण्याने. पट्ट्या दिसत होत्या, पण जोडांवर रंगाचा एवढा थर होता की खालचं वेल्डिंग दिसतच नव्हतं.

“काम चोख आहे. सही करा, यमुनाबाई,” विश्वासराव म्हणाले. “उद्यापासून मुलं न्यायची.”

“करते. त्याआधी साहेब, जरा आत बसून दार लावून घेता का?”

विश्वासराव ऐटीत बसले. दार सहज लागलं. यमुनाने मागच्या एका चाकापाशी जॅक लावला आणि चाक जमिनीपासून वर उचललं.

“आता उतरा, साहेब.”

त्यांनी दार ढकललं, मग खांदा लावला. दार चौकटीत घट्ट रुतलं होतं.

“एक चाक उचललं तर सगळा सांगाडा पिळला, म्हणून दार रुतलं. पट्ट्यांचे जोड पक्के असते तर असं झालं नसतं,” यमुना शांतपणे म्हणाली. “त्यात आता स्प्रिंगा कडक, म्हणजे खड्ड्यांचा मार थेट सांगाड्यावर. आणि घाटात माझ्या मागे वीस मुलं असतात.”

विश्वासराव तिच्याकडे न बघता म्हणाले, “गाडी खाली घ्या.”

“घेते ना. उद्या कुठल्या गॅरेजला न्यायची, तेवढं सांगा.”

काचेआडून त्यांनी जे नाव घेतलं, ते मेव्हण्याच्या गॅरेजचं नव्हतं.