सिंहासनावर चढलेला करांदा

"जिथे माझा वेल, ती जागा माझी," असा कायदा राजाने काढला, आणि येसूच्या परसावर संकट आलं.

राजाच्या बागेत करांद्याचा वेल होता. करांदा म्हणजे वेलाला बटाट्यासारखा लटकणारा कंद. उकडून मीठ लावला की झकास लागतो. पण वेळेवर काढला नाही तर गळतो, घरंगळतो, आणि थांबेल तिथे रुजून एखाद्या झाडाच्या बोकांडी बसतो. राजा मुद्दामच काढायचा नाही. वर दवंडी: करांद्याच्या वेलाला जो हात लावेल, त्याचा हात छाटू.

येसूच्या फणसावर वेल चढला, तसे शिपाई हजर. "पावसाआधी घर रिकामं करा." येसूच्या बापाने डोक्याला हात लावला. येसूने दवंडीआधी काढून ठेवलेल्या करांद्यांची टोपली उचलली आणि दरबार गाठला.

"जातो आम्ही, महाराज. फक्त आमच्या वेलाचे एवढे करांदे सांभाळा. घरच नाही, तर ठेवू कुठे?"

"तुमचे कशावरून? माझेच गळलेले असतील."

"आमचे गळत नाहीत. आम्ही आधीच काढतो, म्हणून कोणाच्या परसात जात नाहीत."

"भोळी आहेस गं," राजा हसला. "बरं, तुझे तर तुझे. ठेव सिंहासनामागे." आणि तो थंड हवा खायला डोंगरावर निघून गेला.

आता करांद्याला कोंब फुटायला ना माती लागते, ना पाणी. वेळ झाली की पडल्या जागी सुरू. राजा परतला तेव्हा वेल सिंहासनाला विळखा घालून वरच्या छत्रीत शिरला होता.

"कोणी उपटला कसा नाही?"

प्रधानाने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "महाराज, दवंडी आपलीच होती."

येसूला बोलावलं. ती आली तेव्हा राजा पानं बाजूला सारून बसायच्या बेतात होता.

"बसू नका, महाराज. वेल माझा, तर जागा माझी. सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात, तुझे तर तुझे. पावसाआधी रिकामी करा."

राजाने विचारलं, "मग मी बसू कुठे?"

"आमच्या फणसाखाली बसा की. तिथे तुमचाच वेल आहे."

राजा इतका हसला, इतका हसला, की मुकुट वेलात अडकून लोंबकळायला लागला. कायदा रद्द, दवंडी रद्द, सगळ्यांची परसं परत. आणि राजवेलाचे सगळे करांदे येसूला बक्षीस. अट एकच, एकही खाली पडता कामा नये.

"चालेल," येसू म्हणाली, "पण शिडी तुम्ही धरायची."

राजाने धरली.