जावयाचा दिवाळसण आणि रिकामी गिरणी

एका गावात पिठाची एक गिरणी होती, आणि त्या गिरणीत गावातला सगळ्यात मोठ्यानं बोलणारा माणूस राहायचा. त्याचं नाव केरबा. तीस वर्षं पट्ट्याच्या आणि दगडाच्या खडखडाटात काढली, मग आवाज बारीक राहणार तरी कसा! "काय आणलंय, जोंधळं का गहू?" एवढं विचारलं तरी नवख्याला वाटायचं, हा भांडायला उठला. पण माणूस मनानं मऊ. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एकुलती एक लेक शलाका वैशाखात लग्न होऊन पुण्याला गेली. गिरणीच्या मागं दोन खोल्यांचं घर. संध्याकाळी मोटर बंद केली की केरबा मागं जायचा, दिवा लावायचा, भाकरी थापायचा, खायचा, ताट धुवायचा. एवढा दणदणीत आवाज, पण तिथं ऐकायला होतं कोण? कधी कधी तर दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघत नसे.

दिवाळी जवळ आली. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणजे जावयाचा दिवाळसण. लेक-जावयाला घरी बोलवायचं, जावयाला ओवाळायचं, मानाची वस्तू द्यायची. लोक अंगठी देतात, नाहीतर कपडे देतात. केरबाला ते पटेना. अंगठी बोटात घालून जावई आपल्या वाटेनं निघून जातो. त्याला असं काहीतरी द्यायचं होतं, की पाव्हण्यांना या घरात करमावं आणि पुन्हा पुन्हा यावंसं वाटावं. जावई आला, तरच लेक येणार. केरबाचा सगळा जीव तेवढ्यात अडकला होता.

त्यानं लेकीला फोन लावला. "शलाका, पाव्हण्यांस्नी काय आवडतं गं?"

"त्यांना काय, आबा! सुट्टी मिळाली की कॉम्प्युटरपुढं बसून व्हिडिओ गेम."

"मग झालं की! खेळाचंच कायतरी घेतो."

बास. कसला खेळ, कुणाबरोबर खेळतात, कशापायी खेळतात, एक अक्षर विचारलं नाही. फोन ठेवला आणि गडी तालुक्याची एसटी धरून मोकळा.

तालुक्याच्या दुकानात एक पोरगी होती, कामाला चलाख. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काका, तुमचे जावई एकटे खेळतात, की कुणाच्या सोबतीनं?"

"ते काय म्हाईत न्हाई बाई. तू आपलं भारीतलं दाखव."

तिनं दिवे लागणारी खुर्ची दाखवली, हातात धरायचं बटणांचं यंत्र दाखवलं. मग एक मोठा हेडफोन काढला आणि केरबाच्या कानांवर बसवला. आणि काय सांगावं! रस्ता, गाड्या, फटाके, सगळं एकदम थांबलं. तीस वर्षं कानठळ्या सोसलेल्या माणसाला असली शांतता ठाऊकच नव्हती. त्याचे डोळे भरून आले. जगात याच्यापेक्षा मोठं सुख नाही, अशी त्याची खात्रीच पटली.

पोरगी म्हणाली, "काका, हे घातलं की शेजारच्यानं हाक मारली तरी कळत नाही, बरं का."

"आगं, तेच तर पायजे! बांध."

अहो, जो तो आपल्याच कानानं ऐकतो. केरबानं स्वतःला हवं होतं ते जावयासाठी घेतलं, आणि वर हसत हसत घरी आला.

धनत्रयोदशीला संध्याकाळी लेक आणि जावई आले. भाऊबीजेच्या सकाळी परत जायचे होते, म्हणजे मधले तीन दिवस केरबाचे. जावयाचं नाव हर्षद. शांत, सरळ, नजर खाली ठेवून बोलणारा. दुसऱ्या दिवशी पहाटे अभ्यंगस्नान झालं. सासू नाही, म्हणून शेजारच्या पारूबाईंनी ओवाळलं. खरं तर मानाची वस्तू पाडव्याला द्यायची, पण केरबाला कुठला दम निघतोय! तिथंच खोका पुढं केला.

"मामा, एवढं महागातलं कशाला?" हर्षद संकोचला.

"घाला, घाला. घालून दावा!"

हर्षदनं हेडफोन घातला, सोबत आणलेला लॅपटॉप उघडला आणि खेळायला बसला. केरबा कौतुकानं बघत राहिला. थोड्या वेळानं हाक मारली, "पाव्हणं, च्या घेताय न्हवं?" उत्तर नाही. त्यानं परत हाक मारली, तीही गिरणीतल्या आवाजात. पारूबाईंच्या घरातून "काय झालं वो?" आलं, पण समोरच्या जावयाला पत्ता नाही. केरबानं चहाचा कप गुपचूप त्याच्या शेजारी ठेवला.

शलाका माहेरी आलेली. तिला तिन्ही दिवस घरोघरी फराळाची बोलावणी. जाताना म्हणाली, "तुम्ही दोघं आहात की एकमेकांना सोबतीला." ती गेली, आणि दोघं सोबतीला बसले. एक लॅपटॉपपुढं, एक उंबऱ्यात. पहिला दिवस गेला. लक्ष्मीपूजन झालं, तोही गेला. केरबानं जावयाला सांगायला किती गोष्टी जपून ठेवल्या होत्या! शलाका लहानपणी पिठाच्या ढिगाऱ्यात झोपायची ते, तिच्या आईच्या हातच्या अनारशांचं, गिरणीला पुराचं पाणी लागलं त्या सालचं. सगळ्या पोटातच राहिल्या. रिकाम्या घरात एकटं राहायची त्याला सवय होती. भरल्या घरात एकटं कसं राहायचं, ते मात्र त्याला येईना.

पारूबाईंनी भिंतीवरून विचारलं, "जावई बोलका हाय का वो?"

"लई बोलका!" केरबा म्हणाला आणि आत वळला.

पाडव्याला दुपारी मात्र त्याला राहवलं नाही. तो गिरणीत गेला. सणाची बंद होती गिरणी. त्यानं पट्टा चढवला आणि बटण दाबलं. वर टोपलीत एक दाणा नाही. अहो, रिकामी गिरणी कधी फिरवायची नसते. दाणा नसला की दगडावर दगड घासतो, दगडाची धार मरते, पुढं पिठात कच उतरते. हे केरबानंच आजवर दहा जणांना दरडावून सांगितलेलं. आज तो स्वतः भिंतीला टेकून ती घरघर ऐकत उभा होता. कान फुटेनात का, घरात काहीतरी आवाज पाहिजे होता.

हेडफोननं आवाज अडतो, पण फरशीची थरथर थोडीच अडते! मागच्या खोलीत हर्षदच्या पुढ्यातला कप बशीवर नाचायला लागला. त्यानं हेडफोन काढला आणि धावत पुढं आला.

"मामा, वरती धान्यच नाही! रिकामी का चालवताय?"

केरबानं बटण बंद केलं. दगड फिरत फिरत थांबला. "दुरुस्तीचं बघत हुतो," असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पारूबाईंना जे सांगितलं, तसंच यालाही. शब्द ओठांवर आलाही होता. त्यानं तो गिळला.

"पाव्हणं, घरात आवाज न्हवता, म्हून लावली," तो म्हणाला. उभ्या गावानं कधी ऐकला नव्हता इतका त्याचा आवाज बारीक झाला होता. "तुमी येनार म्हून सा म्हयनं वाट बघितली. आन् आल्यावर तुमच्या कानांवर झाकण म्याच बसवलं."

हर्षद घुटमळला. "मामा, मला ते पहिल्याच दिवशी काढायचं होतं. पण तुम्ही एवढ्या हौसेनं दिलेलं. काढलं तर तुम्हाला वाटेल, आवडलं नाही. म्हणून घालून बसलो." मग खाली बघत म्हणाला, "आणि खरं सांगू? मला माणसांत बसलं की काय बोलायचं तेच सुचत नाही. आई-बाबा दोघंही नोकरीला. शाळेतून यायचं, कुलूप काढायचं आणि खेळत बसायचं. घरात दुसरं होतं कोण?"

घ्या! दोन एकटी माणसं एका घरात तीन दिवस एकमेकांचा मान राखत बसली होती.

त्या संध्याकाळी हर्षदनं हेडफोन खोक्यात ठेवला आणि लॅपटॉपचा आवाज मोठा केला. खेळात एक घोडेस्वार डोंगरदऱ्यांतून चालला होता. केरबा शेजारी मांडी घालून बसला. पाच मिनिटांत गडी पेटला. "आवो, डावीकडनं घाला घोडं! त्या पुलाला कठडा न्हाई, दिसत न्हाई व्हय?" पारूबाई भिंतीवरून डोकावल्या. हर्षद पोट धरून हसला. मग केरबानं स्वतः घोडा हाकला आणि तीनदा नदीत घातला. नदीवरून पुराची गोष्ट निघाली, पुरावरून शलाकाच्या आईची. ते सांगताना केरबा रडला. हर्षदनं लॅपटॉप मिटला. तो नुसता जवळ बसून राहिला, आणि तेवढं पुरलं.

सकाळी एसटी आली. पायरीवर उभं राहून हर्षदनं विचारलं, "मामा, पुढच्या दिवाळीला तुमच्यासाठी काय आणू?"

"कायबी नको," केरबा म्हणाला. "एक दिस जास्त आना."

नेहमीच्याच आवाजात बोलला, त्यामुळं सगळ्या एसटीला ऐकू गेलं. कुणी हसलं नाही. शलाकानं पदर तोंडाला लावला.

एसटी गेली. केरबा घरी आला आणि गिरणीचा वरचा दगड उतरवला. घासून गुळगुळीत झाला होता. छिन्नी-हातोडा घेऊन तो दिवसभर दगडाला टाकी लावत, मेलेली धार परत काढत बसला. तीन दिवसांतली एकच संध्याकाळ हाती लागली, बाकीचे दिवस मुकाट गेले, हे त्याला हातोड्याच्या प्रत्येक घावाला आठवत होतं.

तात्पर्य: कुणाला काय द्यावं हे दुकानात कळत नाही, त्या माणसाशेजारी घटकाभर बसल्यावर कळतं. आणि आपल्याला सोबत हवी असेल, तर ती तोंडानं मागावी. खोक्यात बांधून दिलेलं मागणं कुणाला ऐकू येत नाही.