'चार तास' नावाचा बँड

"मास्तर, 'काळजाला भिडणारं' हे फार झिजलेलं वाटतं का? त्याऐवजी 'आत उतरत जाणारं' लिहू?"

शार्दूलनं हातातले कागद दस्तगीर मास्तरांपुढं धरले.

मास्तरांनी ते घेतले नाहीत. त्यांच्या मांडीवर एक जुना ट्रंपेट होता. लाकडी हातोडीनं हळूहळू ठोकत ते त्याचा पोचा काढत होते.

"कशावर लिहिलंयस?"

"एका बँडवर."

"कुठल्या?"

"'चार तास' नाव आहे."

हातोडी चालूच राहिली.

मी दाराशी बसलो होतो. मिरजेत दर्ग्यामागच्या बोळात मास्तरांची ही एवढीशी खोली आहे. चाळीस वर्षं त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलं. दात गेले तसं वाजवणं थांबलं, आता बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात. शार्दूल बेडेकर त्यांच्याकडे दोन वर्षं शिकला आणि मधेच सोडून गेला. वाजवणारे पुष्कळ असतात, ऐकणारा लाखात एखादा, असं तेव्हा तो म्हणायचा. तो एखादा कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

'कानसेन' नावाचा आमचा अकरा जणांचा ग्रुप. दर रविवारी सकाळी एकानं एखादं गाणं किंवा बँड सुचवायचा, बाकीच्यांनी तो पूर्ण ऐकायचा आणि बुधवारपर्यंत आपलं मत लिहायचं, असा रिवाज होता. बुधवारपर्यंत थांबायची वेळ क्वचितच यायची. शार्दूलचं मत रविवारीच यायचं, आणि ते आलं की आमची मतं आपोआप तयार व्हायची. माझंसुद्धा.

'चार तास' आम्हाला सुचवला होता सन्मती चौगुलेनं. जयसिंगपूरचा सन्मती, कमी बोलणारा, कुणाच्या आवडीला कधी नाक न मुरडणारा. त्यानं लिहिलं होतं, "नवा बँड सापडलाय. सात मिनिटं आहेत. शेवटपर्यंत ऐका."

दुसऱ्याच मिनिटाला शार्दूलचं उत्तर आलं. "पंखा चालू ठेवून रेकॉर्ड केलंय का? हा बँड नाही, आजार आहे."

गाणं सात मिनिटांचं आणि मत दुसऱ्या मिनिटाला. अकरा जणांत एकाच्याही हे लक्षात आलं नाही. मी हसणारी तीन तोंडं टाकली आणि आंघोळीला गेलो. गाणं मी उघडलंसुद्धा नव्हतं.

सन्मतीनं नुसतं "बरं" असं लिहिलं. पुढं महिनाभर कुठलंही टुकार गाणं आलं की आम्ही त्याला 'आजार' म्हणत होतो.

अडीच महिन्यांनी सन्मती गेला.

त्याच्या मामेभावानं ग्रुपवर कळवलं, तेव्हा बाकीचंही कळलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास पडून राहायचं. त्या पडून राहण्यातच ते गाणं झालं होतं. एक हात नळ्यांना जोडलेला आणि दुसऱ्या हातात माउथ ऑर्गन. बँडमध्ये तो एकटाच होता. पंखा म्हणजे ते रक्त शुद्ध करणारं यंत्र.

जगाच्या पाठीवर कुठला ड्रमर कुठल्या साली कुणाशी भांडून बँड सोडून गेला, हे आम्हाला तोंडपाठ होतं. सन्मती आजारी आहे हे माहीत नव्हतं. याची लाज वाटते, आणि ती वाटायलाच पाहिजे.

"त्याच्या आईनं बोलावलंय," शार्दूल म्हणाला. "आज पाच वाजता. जाता जाता तुमच्याकडं आलो."

"कशाला?"

"भाषा जरा बघाल म्हणून."

मास्तर चौथीपर्यंत शिकलेले. तिथं जाण्याआधी शार्दूलला कुणाच्या तरी समोर बसायचं होतं, इतकाच त्याचा अर्थ.

"वाच की मग."

शार्दूलनं वाचलं. दोन पानं होती. यंत्राचा तो निर्विकार ठेका, त्यावर पाय रोवून उभा राहिलेला एक श्वास, असं बरंच काही होतं. वाचता वाचता त्याचा आवाज जड झाला. चांगलं लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

वाचून झालं. मास्तर पोच्यावरून अंगठा फिरवत होते.

"पाचव्या मिनिटाला काय होतं रे?"

"अं?"

"सात मिनिटं आहेत ना? पाचव्याला काय होतं?"

शार्दूल कागदाकडं बघत राहिला...

"ऐकलंयस का?"

"तेव्हा... पहिली चाळीस सेकंदं."

"आणि तो गेल्यावर?"

"धाडस झालं नाही, मास्तर."

"चाळीस सेकंदांत आधी शिवी दिलीस," मास्तर म्हणाले. "आता त्याच चाळीस सेकंदांवर आरती."

शार्दूलचे कान लाल झाले. त्याला कुणी असं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आमच्यापैकी कुणाची छातीच नव्हती.

"मग करू तरी काय?" तो एकदम चढ्या आवाजात म्हणाला. "त्या बाईचा मुलगा गेलाय. तिला दोन शब्द कौतुकाचे हवेत. तेवढेही देऊ नयेत?"

"कौतुक हवंय, असं तिनं सांगितलं?"

"म्हणजे काय... आवाज आलाय तिचा फोनवर."

"ऐकव."

शार्दूलनं फोन काढला. एका वयस्कर बाईचा आवाज आला, थांबत थांबत.

"शार्दूल, मी सन्मतीची आई बोलतेय. गुरुवारी पाचला घरी येऊन जा. त्याच्या त्या गाण्याचं तुमच्या तोंडून ऐकायचंय मला..."

शार्दूलनं बोटानं आवाज थांबवला. "हे असं आहे."

"संपलं?"

"आहे अजून थोडं. पण मुद्दा एवढाच..."

मास्तरांनी हातोडी खाली ठेवली. आम्ही आल्यापासून पहिल्यांदाच.

"पुढचं लाव."

शार्दूलनं लावलं.

"...तुम्ही काय लिहिलं होतं ते मी वाचलंय. तुम्हाला गाणं आवडलं, असं त्यानं मला सांगितलं होतं. पण त्या दिवशी तो जेवला नाही, तेव्हा मी त्याचा फोन बघितला. राग आहे माझा. तो असू दे. मला वेगळंच विचारायचंय. पंखा नव्हता तिथं. फोन मी धरला होता. माझा हात कापतो हो, दोन वर्षं झाली. त्याच्या तोंडापाशी धर म्हणाला, म्हणून मी धरला. माझ्या हातानं ते बिघडलं का, एवढं खरं सांगा. तुम्हाला फार कळतं म्हणायचा तो."

मग रेकॉर्डिंग बंद करायला तिला काही जमेना. नुसती खुडबुड ऐकू येत राहिली, आणि थांबली.



शार्दूलनं दोन्ही कागदांची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मला वाटलं..."

"गाणं लाव," मास्तर म्हणाले.

त्यानं गाणं काढून फोन सतरंजीवर ठेवला.

"खाली नाही. हातात धर. हात लांब कर... माझ्या तोंडापाशी धर."

"मास्तर, इथूनही ऐकू येतं."

मास्तरांनी हनुवटी पुढं केली. शार्दूलनं हात लांब केला. मास्तरांच्या बोळक्या तोंडासमोर फोन धरून तो बसला, आणि गाणं सुरू झालं.

मीसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकत होतो.

आधी यंत्राची घरघर. मधे कुठं तरी बारीक टिकटिक. बराच वेळ तेवढंच. मग माउथ ऑर्गन आला, दबकत, परक्याच्या घरात शिरावं तसा.

"इथं तो यंत्राचाच ठेका..." शार्दूलनं सुरुवात केली.

मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं.

दोन मिनिटं झाली. चाल साधीच होती, चार-पाच सुरांची. तो ती वाजवायचा, मधेच त्याचा दम तुटायचा, मग पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा. पलीकडच्या खाटेवर कुणी तरी कण्हत होतं. एक नर्स काही तरी बोलून गेली.

तिसऱ्या मिनिटाला शार्दूलचा हात खाली येऊ लागला. मास्तरांनी नुसतं वर पाहिलं. त्यानं हात पुन्हा वर घेतला.

चौथ्याला काही तरी खरखरायला लागलं. आधी अधूनमधून, मग सारखं. कापडावर बोट घासावं तसा आवाज. सूर त्याच्याखाली जाऊ लागले.

शार्दूलचा हात थरथरत होता. त्यानं दुसऱ्या हातानं मनगट धरलं. मास्तरांनी ते अलगद सोडवलं आणि तो हात त्याच्या मांडीवर ठेवून दिला.

पाचव्या मिनिटाला वाजवणं थांबलं. बाईचा आवाज आला, अगदी जवळून. "झालं का रे? ठेवू का आता?"

आणि सन्मतीचा, धापा टाकत. "थांब आई. शेवट राहिलाय."

शार्दूलनं डोळे मिटून घेतले. मला उठून बाहेर जावंसं वाटत होतं. गेलो नाही, कारण आधीच एकदा मी असाच आंघोळीला गेलो होतो.

मग शेवट. तो काय होता ते मला सांगता येणार नाही. घरघर होती, खरखर होती, आणि त्यांच्या मागं सन्मती काही तरी वाजवत होता. कुठं एखादा सूर कानाला लागायचा आणि निसटायचा. सात मिनिटं झाली आणि ते मधेच तुटलं.

शार्दूलनं हात खाली घेतला. त्याला बोटं उघडता येत नव्हती.

"सुंदर आहे," तो म्हणाला. रडत होता.

"नाही," मास्तर म्हणाले. "बेसूर आहे. त्याला दम पुरत नाही, चढता सूर प्रत्येक वेळी पडलाय."

शार्दूलनं मान वर केली.

"म्हणजे मी तेव्हा लिहिलं... ते चुकीचं नव्हतं?"

त्याच्या चेहऱ्यावर पळभर सुटका दिसली. मी ती पाहिली आणि मला त्याची किळस आली. मग लक्षात आलं, मीही तेच उत्तर ऐकायला कान टवकारून बसलोय.

मास्तरांनी ट्रंपेट उचलून उजेडाकडं धरला, पोचा होता तिथं बघितलं, परत ठेवला.

"तिनं काय विचारलंय?"

"...तिच्या हातानं बिघडलं का."

"बिघडलं?"

शार्दूलनं फोनकडं बघितलं. कान त्याचा पक्का आहे. ते कुणी नाकारू शकत नाही.

"चौथ्या मिनिटापासून," तो शेवटी म्हणाला. "तिचं बोट माईकवर घासतंय. पुढचं त्यात बुडालंय. शेवट तर... सगळाच गेलाय, मास्तर. त्यानं काय वाजवलं ते आता कुणालाच कळणार नाही."

"दुसरीकडं कुठं असेल?"

"नाही. एवढं एकच आहे."

बाहेर बोळातून एक हातगाडी गेली. 

"हे तिला कसं सांगू?" शार्दूल म्हणाला. "मी खोटं बोलतो. म्हणतो, तुमच्या हातानं काही बिघडलं नाही."

"बोल," मास्तर म्हणाले. "शार्दूलला कळतं, असं तो म्हणायचा. तेही खोटं ठरेल."

"खरं सांगितलं तर ती उरलेलं आयुष्य स्वतःचा हात बघत बसेल!"

"बसेल."

"मग मी जाऊच नको का?"

"पाचला वाट बघणार आहे ती."

शार्दूलनं ते दोन कागद मास्तरांच्या पायाशी ठेवले. मग पाण्यात बुडणारा माणूस धरतो तसा त्यानं मास्तरांचा हात दोन्ही हातांनी धरला. "मास्तर, एक वाक्य द्या. एकच. मी तेवढंच बोलेन, दुसरं काही बोलणार नाही."

मास्तरांनी हात सोडवून घेतला नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग दाराबाहेर. चार वाजून गेले होते.

"खरं तेच सांग," ते म्हणाले. "म्हणावं, काकू... तुमचा हात ऐकू येतो."