वुई ॲट द मठ

“‘वुई ॲट द मठ’ म्हणजे नेमके कोण कोण, बुवा?”

पायातल्या चपला काढायच्या आधीच यशोधरने प्रश्न टाकला.

तारबुवा ओसरीवर पावटे सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“यष्टी चुकली का रे?”

“चुकली नाही. मीच सोडली.”

खडकओहोळच्या मठात येण्याआधी बुवांनी तीस वर्षं तारमास्तरकी केली होती. कमी शब्दांत काम भागवायची सवय लागली ती लागलीच. एका वाक्यात सांगता येईल ते दोन वाक्यांत सांगितलं तर त्यांच्या पोटात दुखायचं. म्हणून लोक त्यांना तारबुवा म्हणत.

यशोधर काळसेकर तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचा. अकरा वर्षं दर शनिवारी मठात यायचा आणि बुवा जे काही बोलतील ते वहीत टिपून घ्यायचा. अशा चौदा वह्या झाल्या होत्या. त्या स्वतःच्या हाताने इंग्रजीत आणायच्या, एवढी एकच हौस त्याने आयुष्यात धरली होती. बायकोने नवी खोली बांधायचा विषय काढला तरी तो वह्यांवर जायचा.

गेल्या हिवाळ्यात ब्रिस्टलची एक बाई मठात दोन महिने राहून गेली. तिचं आता पत्र आलं होतं. बुवांची वचनं छापायला मी तयार आहे, पण ती इंग्रजीत कोण आणणार?

बुवांनी उत्तर लिहिलं. स्वतःच लिहिलं, यशोधरला न विचारता. आणि वर त्यालाच दिलं, पेटीत टाक म्हणून.

यष्टीच्या थांब्यावर त्याने ते वाचलं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, हे त्याला कळत होतं. पण पाकीट चिकटवलेलं नव्हतं, आणि ते का चिकटवलेलं नाही, इथूनच तर त्याच्या संशयाला सुरुवात झाली.

पत्रात एकच ओळ होती. ‘वुई ॲट द मठ हॅव अ मॅन ऑफ अवर्स फॉर द वर्क.’

“पाकीट उघडं का दिलंत?” त्याने आता विचारलं.

“डिंक सापडेना.”

“का मी वाचावं म्हणून?”

“वाचलंस ना?”

बुवांच्या समोर नकुल वैराळे बसला होता. पुण्याची कॉम्प्युटरची नोकरी सोडून सहा महिन्यांपूर्वी तो मठात राहायला आला होता. यशोधरचा चेहरा पाहून तो उठला आणि सोललेल्या पावट्यांचं ताट घेऊन मुकाट्याने आत गेला.

उठला का? यशोधरच्या मनात आलं. काही शिजत नसतं तर बसून राहिला असता. बसून राहिला असता, तर मात्र यशोधरने म्हटलं असतं, बघा, कसा निर्ढावल्यासारखा बसलाय. संशयाला काय, दोन्हीकडून पोट भरता येतं.

“मी सरळ विचारतो, बुवा. ‘वुई’मध्ये मी आहे का?”

बुवांनी एक शेंग उचलली. किडकी निघाली. ती बाजूला ठेवली.

“तू इंग्रजीचा प्राध्यापक. तूच सांग.”

“सांगतो. तुम्ही ‘वुई ऑफ द मठ’ लिहिलं असतं, तर मठाचे ते सगळे आले असते. मीही आलो असतो. पण तुम्ही ‘ॲट’ लिहिलंत. ‘ॲट’ म्हणजे जे मठात मुक्कामाला आहेत ते. मुक्कामाला कोण आहे? तुम्ही, आणि आत गेला तो.”

“बरं.”

“पुढे ‘अ मॅन ऑफ अवर्स’. म्हणजे आमचा एक माणूस. त्या ‘आमचा’मध्ये पुन्हा तुम्ही दोघंच!”

“एवढं सगळं त्या दोन शब्दांत आहे?”

“आहे.”

“तारेत पाठवलं असतं तर स्वस्तात पडलं असतं की.”

यशोधरला हसू आलं नाही. त्याचे कान तापले होते.

“थट्टा करू नका. त्या पोराला साधं इंग्रजी येत नाही. परवा त्या बाईशी फोनवर काय म्हणाला ठाऊक आहे? ‘बिट्वीन यू अँड आय’! प्रेपोझिशनच्या मागून ‘आय’ येतो का कधी?”

“मग काय येतं?”

“मी!”

“मीच यायला हवा?”

“मीच! नियम आहे तसा.”

“...असं होय.”

बुवा पुन्हा शेंगांकडे वळले. आपण काय बोलून गेलो हे यशोधरच्या जरा उशिरा लक्षात आलं. त्यामुळे तर तो आणखीच भडकला.

“अकरा वर्षं, बुवा! तुम्ही शिंकलात तरी तारीख घालून लिहून ठेवलंय मी. आणि मला कळतं कसं? पाकिटातून! तोंडावर सांगितलं असतंत, काम नकुलला दिलंय म्हणून, तर मी काय मारणार होतो तुम्हाला?”

त्याचा आवाज चिरकला. रडू येतंय की काय, अशी त्याला भीती वाटली, आणि ते येऊ नये म्हणून त्याने खिशातून एक कागद काढून बुवांपुढे धरला. थांब्यावर बसूनच त्याने तो लिहिला होता, डायरीचं पान फाडून.

“हे घ्या. वाचा.”

बुवांनी हात धोतराला पुसले. चष्मा लावला. कागद लांब धरून मोठ्याने वाचला.

“‘आजपासून आपल्या मठाशी माझा काही संबंध राहिलेला नाही. यशोधर.’”

आत भांड्यांचा आवाज होत होता, तोही थांबला.

बुवांनी ओळ पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग तिच्यावर बोट ठेवलं.

“यातला हा ‘आपल्या’ कुठला रे?”

“म्हणजे?”

“आपल्या मठाशी. तुझ्या-माझ्या मठाशी, का नुसत्या माझ्या?”

“मानार्थी आहे तो. आपल्या म्हणजे तुमच्या. मोठ्या माणसाला लिहिताना तसंच लिहितात.”

“हां... मानार्थी.”

बुवांनी कागदाची घडी घातली. कागद परत केला नाही, ठेवूनही घेतला नाही. हातातच धरून राहिले.

“आणि अकरा वर्षं ‘आपला मठ, आपला मठ’ म्हणत होतास. तो?”

यशोधर एकेक प्रसंग आठवू लागला.

...

कॉलेजात प्राचार्यांना तो म्हणाला होता, आपल्या मठात एकदा या. छपरावरचे पत्रे उडाले तेव्हा धावत आला होता तो, आपल्या मठाचं काय झालं म्हणत. बुवांना म्हणाला होता, आपल्या मठाला एक कपाट हवं, वह्या ठेवायला. त्यांतला ‘आपला’ कुठला होता? मान देण्याचा, का हक्काचा? ‘ॲट’ आणि ‘ऑफ’मधला फरक त्याने चुटकीसरशी सांगितला होता. हा सांगता येईना.

दर वेळी वेगळा असेल. एखाद्या वेळी दोन्ही असेल. एखाद्या वेळी नुसता तोंडात बसलेला असेल, मागे काहीच नसलेला. या शेवटच्या विचाराने मात्र तो मनापासून घाबरला, आणि त्याला स्वतःची लाजही वाटली.

“आठवत नाही, बुवा,” तो म्हणाला.

चपला अजून त्याच्या पायातच होत्या. त्याने त्या काढल्या, उंबऱ्याशी नीट लावल्या आणि ओसरीच्या कडेला टेकला.

“...तुम्ही कुठला समजत होतात?”

बुवांनी चष्मा उतरवला. सुपातल्या अर्ध्या शेंगा त्याच्यापुढे सारल्या.

“मी आपला पहिलाच धरून चाललो होतो, तुझा-माझा.”